हातातल्या कन्सोलवर सुपरहिरोंची झुंज: जुना व्हिटा घ्यावा की स्विच?

पार्कचौक (धागाकर्ता)

सर्वांना नमस्कार. मी सोलापुरात राहतो आणि माझा चुलतभाऊ पुण्यात नोकरी करतो. हुतात्मा एक्स्प्रेसने आमचे येणे-जाणे सुरूच असते आणि पुष्कळदा आम्ही दोघे एकाच डब्यात शेजारी-शेजारी असतो. या प्रवासात, तसेच घरी टीव्ही वडीलधाऱ्यांच्या मालिकांनी अडवलेला असताना, दोघांना समोरासमोर खेळता येईल असा सुपरहिरोंचा फायटिंग गेम आम्हाला हवा आहे. मोबाइलवरचे पर्याय कृपया सुचवू नयेत. काचेवर बोट घासून मारामारी करण्यात आम्हा दोघांनाही रस नाही. बोटाखाली खरे बटण हवे.

नवी पेठेतील एका दुकानदाराने दोन गोष्टी दाखवल्या आहेत. पहिली म्हणजे वापरलेला प्लेस्टेशन व्हिटा आणि सोबत ‘अल्टिमेट मार्व्हल व्हर्सेस कॅपकॉम ३’चे कार्ट्रिज. दुसरी म्हणजे वापरलेला निन्टेन्डो स्विच लाइट, ज्यावर ‘मार्व्हल व्हर्सेस कॅपकॉम फायटिंग कलेक्शन: आर्केड क्लासिक्स’ आम्हाला वेगळा विकत घ्यावा लागेल. व्हिटा बराच स्वस्त पडतो आहे. यांपैकी काय घ्यावे, आणि तीन विरुद्ध तीन योद्ध्यांचा तो सगळा धुमाकूळ एवढ्याशा पडद्यावर डोळ्यांना झेपतो का, याविषयी जाणकारांनी सविस्तर लिहावे ही विनंती.

भुईकोट

पार्कचौक, प्रश्न नेमका विचारलात, त्यामुळे उत्तरही जरा ऐसपैस देतो.

‘अल्टिमेट मार्व्हल व्हर्सेस कॅपकॉम ३’ मोठ्या कन्सोलवर नोव्हेंबर २०११ मध्ये आला आणि डिसेंबर २०११ मध्ये जपानात व्हिटा बाजारात आला तेव्हा पहिल्या दिवसाच्या गेमांमध्ये त्याचा समावेश होता. हातातल्या यंत्रासाठी म्हणून त्याची कापाकापी केलेली नव्हती, हे त्याचे खरे मोठेपण. मूळ गेममधील ४८ पात्रे त्यात आहेत. स्पायडर-मॅन, वूल्व्हरिन, हल्क, डॉक्टर डूम एका बाजूला आणि र्‍यू, चुन-ली, दान्ते दुसऱ्या बाजूला. प्रत्येक खेळाडूने तीन जणांचा संघ निवडायचा, एकाने मैदानात लढायचे आणि उरलेल्या दोघांना असिस्टसाठी क्षणभर बोलावून घ्यायचे, अशी ही रचना आहे. बाहेर बसलेल्या योद्ध्याच्या प्राणशक्तीच्या पट्टीतील लाल भाग हळूहळू भरून येतो, म्हणून कोणाला कधी आत घ्यायचे आणि कधी विश्रांती द्यायची, हाच निम्मा खेळ आहे.

हातातल्या यंत्राच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट बटणांची. या गेममध्ये हलका, मध्यम आणि जोरदार असे तीन हल्ले, प्रतिस्पर्ध्याला हवेत उडवणारे एक खास बटण, आणि दोन असिस्टची दोन बटणे, अशी एकूण सहा बटणे लागतात. व्हिटावर उजव्या अंगठ्याखाली चार आणि खांद्यावर दोन, अशी नेमकी सहाच बटणे आहेत. एकही बटण कमी पडत नाही आणि एकही वाया जात नाही. हल्ल्यांची चारही बटणे अंगठ्याखाली आणि सोबत्यांना हाक मारणारी दोन तर्जनीखाली आली की हात अगदी नैसर्गिक बसतो.

आता पडद्याचे. मूळ व्हिटाचा पडदा ५ इंची ओएलईडी आहे आणि त्यावर ९६० गुणिले ५४४ ठिपके मावतात. सुरुवातीला सगळे रंग एकमेकांत मिसळल्यासारखे वाटतील, पण सरावलेला खेळाडू पात्रांकडे बघतच नाही. तो दोन पात्रांमधल्या मोकळ्या जागेकडे बघतो. शिवाय हायपर कॉम्बो, म्हणजे पात्राचा सर्वांत जोरदार हल्ला, सुरू होताना गेम क्षणभर थबकतो आणि कोणी काय सोडले ते चित्रासह दाखवतो. बाकी कसर कान भरून काढतात. बरीच पात्रे असिस्टला येताना ओरडतात, म्हणून हेडफोन लावून खेळल्यास लहान पडदा फारसा आड येत नाही.

चटणीभाकरी

व्हिटाच घेणार असाल तर ‘इन्जस्टिस: गॉड्स अमंग अस’ची अल्टिमेट आवृत्तीही विचारात घ्यावी. ती नोव्हेंबर २०१३ मध्ये व्हिटावर आली, त्यात नंतर जोडलेल्या सहा पात्रांसह ३० योद्धे आहेत आणि त्यातली कथा मला तरी मार्व्हलच्या कोणत्याही फायटिंग गेमपेक्षा सरस वाटते. जोकरच्या कारस्थानाने सुपरमॅनच्याच हातून लोइस लेनचा जीव जातो, तो जोकरला ठार करतो आणि पुढे जगाचा हुकूमशहा होतो. अशा सुपरमॅनसमोर बॅटमॅनला उभे केले आहे.

खेळण्याची एक गंमत सांगतो. मैदानातल्या वस्तूंचा उपयोग पात्राच्या प्रकृतीप्रमाणे बदलतो. सुपरमॅनसारखे बलदंड पात्र मोटार उचलून अंगावर फेकते, तर तिथेच बॅटमॅनसारखे पात्र तिला स्फोटके लावून मोकळे होते. शिवाय येथे एकास एकच लढत असते, त्यामुळे डोळ्यांना त्रास कमी.

कंबरतलाव

भुईकोटदादांचे बटणांचे गणित बरोबर आहे, परंतु पार्कचौक यांची मूळ अट समोरासमोर बसून खेळण्याची आहे, हे येथे सर्वजण विसरलेले दिसतात. व्हिटा हे एकट्याच्या हातातले यंत्र आहे. दोघांना लढायचे तर दोन व्हिटा आणि दोन कार्ट्रिजे हवीत. मग ती बिनतारी जोडणीने एकमेकांशी बोलतील. म्हणजे जो व्हिटा आज स्वस्त दिसतो, तो प्रत्यक्षात दुप्पट किमतीला पडणार. स्विचवर मात्र एकाच पडद्यासमोर दोघे खेळू शकतात.

मात्र स्विच लाइट घेऊ नये, असे मी आग्रहाने सांगेन. त्याचे दोन्ही बाजूंचे जॉय-कॉन, म्हणजे छोटे कंट्रोलर, निघत नाहीत आणि मागे टेकूही नाही, त्यामुळे तो चारजणांच्या मधे उभा करून ठेवायचा तर पुस्तकाचा आधार शोधावा लागतो. त्याऐवजी २०२१ मध्ये आलेले ओएलईडी मॉडेल मिळाले तर पाहावे. त्याचा पडदा ७ इंची आहे, मागचा टेकू रुंद असून हव्या त्या कोनात थांबतो, आणि निन्टेन्डोच्या म्हणण्यानुसार बॅटरी खेळानुसार ४.५ ते ९ तास चालते. सोलापूर-पुणे प्रवास सुमारे चार तासांचा, तेव्हा दौंडला पोहोचेपर्यंत यंत्र मान टाकणार नाही.

आता कलेक्शनविषयी. हा संच १२ सप्टेंबर २०२४ रोजी स्विच, प्लेस्टेशन ४ आणि पीसीवर आला. त्यात १९९४ चा ‘एक्स-मेन: चिल्ड्रन ऑफ द ॲटम’, १९९५ चा ‘मार्व्हल सुपर हीरोज’, पुढे ‘एक्स-मेन व्हर्सेस स्ट्रीट फायटर’, ‘मार्व्हल सुपर हीरोज व्हर्सेस स्ट्रीट फायटर’, १९९८ चा पहिला ‘मार्व्हल व्हर्सेस कॅपकॉम’ आणि २००० सालचा दुसरा, असे सहा फायटिंग गेम आहेत. सातवा ‘द पनिशर’ हा १९९३ चा गेम लढतीचा नसून सरळ पुढे जात गुंडांना लोळवण्याचा आहे. नाणे टाकून पार्लरमध्ये ‘मुस्तफा’ खेळलेल्या पिढीला तो बघताक्षणी ओळखीचा वाटेल, कारण दोन्ही एकाच कंपनीचे आणि एकाच वर्षीचे आहेत.

लहान पडद्यावर ही जुनी चित्रे नव्या त्रिमितीय पात्रांपेक्षा जास्त ठळक दिसतात, हे माझे मत. त्याला कारणही आहे. पहिले पाचही फायटिंग गेम कॅपकॉमच्या सीपीएस-२ या आर्केड सर्किटफळीवरचे असून त्यांचे मूळ चित्र २२४ ओळींचे आहे. स्विचच्या पडद्यावर ७२० ओळी आहेत, म्हणजे प्रत्येक ओळ बरोबर तिप्पट करून ६७२ ओळींत चित्र नेटके बसू शकते. हल्कच्या खांद्यावरची प्रत्येक रेषा हाताने काढलेली आहे आणि ती तशीच दिसते.

भुईकोट

ताई, एकाच यंत्रावर दोघे हा मुद्दा मान्य. परंतु तुमच्या प्रतिसादात डी-पॅडचा, म्हणजे डाव्या अंगठ्याखालच्या दिशांच्या बटणाचा, उल्लेखच नाही आणि माझ्या मते सगळी मेख तिथेच आहे.

या गेमांमधील बहुतेक विशेष हल्ल्यांसाठी खाली, तिरपे-पुढे आणि पुढे असा पाव वर्तुळाचा फेर अंगठ्याने काढावा लागतो. व्हिटाचा डी-पॅड एकसंध आहे. खाली दाबलेला अंगठा न उचलता पुढे लोळवला की तिरपी दिशा आपोआप लागते. स्विचच्या डाव्या जॉय-कॉनवर डी-पॅडच नाही, तेथे चार सुटी बटणे आहेत. तिरपी दिशा हवी असेल तर अंगठ्याचा खालचा भाग एका बटणावर ठेवून टोक दुसऱ्यावर टेकवावे लागते आणि मधल्या फटीत अंगठा अडखळतो. त्या अडखळण्यात तिरपी दिशा निसटली की र्‍यूचा अग्निगोळा निघत नाही, नुसता ठोसा निघतो, आणि समोरचा तेवढीच वाट बघत असतो. गंमत म्हणजे एकसंध डी-पॅड स्विच लाइटला आहे, जो ताई घेऊ नका म्हणत आहेत.

दुसरी गोष्ट. संचातील पहिल्या पाच फायटिंग गेमांना तीन ठोसे आणि तीन लाथा अशी हल्ल्यांचीच सहा बटणे आहेत. हातातल्या यंत्रावर त्यांतली दोन खांद्यावर जातात, आणि ती बहुधा जोरदार हल्ल्यांची असतात. अंगठ्याने हलका ठोसा आणि तर्जनीने जोरदार लाथ, हा मेळ बसायला बराच सराव लागतो. फक्त दुसरा ‘मार्व्हल व्हर्सेस कॅपकॉम’ याला अपवाद आहे. त्यात हल्ल्यांची चार आणि असिस्टची दोन बटणे आहेत. म्हणून संच घेतलात तर सुरुवात त्याच्यापासून करावी.

कंबरतलाव

डी-पॅडची अडचण खरी आहे. परंतु ती सोडवण्याचे दोन मार्ग आहेत. एक म्हणजे डी-पॅड असलेले वेगळे कंट्रोलर घ्यावेत. टेकूवर यंत्र उभे करून दोघे खेळणार असतील तर तसेही दोन कंट्रोलर लागणारच. दुसरा मार्ग म्हणजे या संचात विशेष हल्ला एका बटणावर ठेवण्याची सोय दिलेली आहे. माझा धाकटा भाऊ त्या सोयीने खेळतो आणि मी फेर काढून खेळते. तरी तो मला सहज हरवतो.

भुईकोट

एका बटणावर अग्निगोळा ही सोय मला व्यक्तिशः पटत नाही. फेर काढायला लागणारा वेळ हा त्या हल्ल्याच्या किमतीचा भाग असतो. फेर सुरू केल्यापासून हल्ला सुटेपर्यंत जो क्षण जातो, तेवढ्यात समोरच्याला सुटायची संधी मिळते. ती किंमत काढून टाकली तर बचावात्मक पात्रे उगाच बळकट होतात.

चटणीभाकरी

भुईकोट, आपण ज्या गेमचे गुणगान करत आहात त्यातही ‘सिम्पल’ नावाची नियंत्रणपद्धत आहेच की. एवढेच नव्हे, व्हिटाच्या आवृत्तीत पडद्यावर नुसते बोट टेकवून हल्ले करण्याची स्पर्शपद्धतही दिलेली आहे. तेव्हा एकाच संचाला दोष देणे न्याय्य नाही.

भुईकोट

स्पर्शपद्धत मी धरतच नाही, ती नव्या यंत्राचे प्रदर्शन म्हणून ठेवली होती. ‘सिम्पल’मध्ये मात्र फार हल्ले गाळले जातात, म्हणजे सोयीची किंमत मोजावीच लागते. माझा आक्षेप फुकट सोयीला आहे. असो, दोघे भाऊ आपापसांत खेळणार आहेत. काय चालेल आणि काय नाही ते त्यांनी खेळण्याआधी ठरवून घ्यावे.

रेल्वेलाइन्स

पार्कचौक, भाऊ पुण्यात असताना आपण ऑनलाइन खेळणार असाल, तर निर्णय येथेच संपतो, कारण दोन गेमांच्या जोडणीत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

हे गेम सेकंदाला ६० फ्रेम दाखवतात, म्हणजे एक फ्रेम सुमारे १६.७ मिलिसेकंदांची. व्हिटावरचा गेम जुन्या पद्धतीने चालतो. समोरच्याने दाबलेले बटण आपल्या यंत्रापर्यंत पोहोचेपर्यंत तो दोघांचीही बटणे उशिराने लागू करतो. जोडणी स्थिर असेल तर या उशिराची सवय होते, पण मोबाइलच्या हॉटस्पॉटवर उशीर क्षणाक्षणाला कमी-जास्त होतो आणि पाठ केलेला कॉम्बो, म्हणजे सलग हल्ल्यांची साखळी, मधेच तुटतो. कलेक्शनमध्ये रोलबॅक पद्धत आहे. त्यात गेम कोणाची वाट पाहत नाही. समोरचा आत्ता जे करत होता तेच पुढेही करील असा अंदाज बांधून लगेच चित्र दाखवतो. खरी माहिती आल्यावर अंदाज चुकलेला असेल तर काही फ्रेम मागे जाऊन तेवढा भाग नव्याने मांडतो. क्वचित पात्र एकदम सरकल्यासारखे दिसते, परंतु आपल्या बोटाला आपले बटण वेळेवर लागल्याचे जाणवते, आणि फायटिंग गेममध्ये तेच महत्त्वाचे असते.

सोलापूर-पुणे अंतरावर दोन्ही घरी फायबर जोडणी असेल तर रोलबॅकने खेळताना तुम्हा दोघांना अंतर जाणवणार नाही. धावत्या गाडीतून मात्र ऑनलाइनचा नाद करू नये. कुर्डुवाडीच्या पुढे-मागे नेटवर्क कसे असते ते येथे कोणाला सांगायला नको.

पार्कचौक

सर्वांचे मनःपूर्वक आभार. इतके तपशील दुकानात कोणी सांगितले नसते. आता दोन शंका उरल्या आहेत. व्हिटाच्या गेममधील उरलेली दोन पात्रे, म्हणजे जिल व्हॅलेंटाइन आणि शुमा-गोराथ, ती नंतर विकत घेता येतात का? आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात ही यंत्रे कितपत तग धरतात?

भुईकोट

ती दोन पात्रे मूळ गेममध्ये नसून वेगळी विकली जात. परंतु मार्व्हलसोबतचा करार संपल्यामुळे डिसेंबर २०१३ मध्ये कॅपकॉमने हा गेम डिजिटल दुकानांतून काढून घेतला. पुढे २०१६-१७ मध्ये तो प्लेस्टेशन ४, पीसी आणि एक्सबॉक्स वनवर परतला, व्हिटावर मात्र परतला नाही. म्हणजे व्हिटावर कार्ट्रिजमध्ये जे आहे तेच धरून चालावे. ज्याच्याकडे कार्ट्रिज आहे त्याचा गेम मात्र कोणताही करार संपला तरी चालूच राहतो, म्हणून सुपरहिरोंचे गेम शक्यतो कार्ट्रिजवरच घ्यावेत असे मला वाटते. कलेक्शनचेही स्विचसाठी कार्ट्रिज निघालेले आहे. थोडे महाग पडले तरी तेच शोधावे.

व्हिटाची मेमरी कार्डे वेगळ्याच धर्तीची असतात, साधे मायक्रोएसडी त्यात बसत नाही. दुकानदाराकडून कार्ड सोबत मागून घ्यावे.

कंबरतलाव

उन्हाळ्याचा प्रश्न आपल्या गावात हसण्यावारी नेण्यासारखा नाही. स्विच ५ ते ३५ अंश सेल्सिअस तापमानातच वापरावा, अशी निन्टेन्डोची सूचना आहे. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे पारा ४० च्या वर जातो, म्हणजे दुपारी पत्र्याच्या किंवा वरच्या मजल्यावरच्या खोलीत पंख्याखाली बसूनही आपण मर्यादेच्या बाहेरच असतो. तेव्हा दुपारी यंत्र कपाटात आणि खेळ रात्री, हेच बरे. चार्जिंगला लावून खेळणे उन्हाळ्यात टाळावे. यंत्राच्या वरच्या कडेला हवा बाहेर टाकणारी फट असते, तिच्यावर टॉवेल-चादर येऊ देऊ नये. सोलापूरकराच्या अंथरुणात या दोहोंची कमतरता नसते, म्हणून मुद्दाम लिहिले.

रेल्वेलाइन्स

खरेदीबाबत थोडे. स्विच भारतात कंपनीने अधिकृतपणे आणलेला नसून आयात माल विकला जातो, त्यामुळे हमी फक्त दुकानदाराच्या शब्दाची असते. वापरलेले यंत्र घेताना दुकानातच गेम सुरू करून सराव कक्षात जावे आणि दाबलेली बटणे पडद्यावर दाखवण्याची सोय चालू करावी. मग दोन्ही दिशांना पाव वर्तुळाचा फेर काढून पाहावा. खाली, तिरपे, पुढे अशी तिन्ही चिन्हे दर वेळी उमटली पाहिजेत. एखाद्या बाजूला तिरपे चिन्ह वारंवार गळत असेल, किंवा स्टिकला हात न लावता पात्र आपोआप चालू लागले, तर ते यंत्र तसेच परत ठेवावे. दुकानदार घाई करील, करू द्यावी.

चटणीभाकरी

हेडफोनचेही बघा. स्विचला हेडफोनची खाच एकच आहे. डब्यात आवाज मोठा ठेवून स्टॉर्म आणि मॅग्नेटोची आरडाओरड सहप्रवाशांना ऐकवली तर कुर्डुवाडीच्या आधीच भांडण लागेल.

पार्कचौक

ठरले. काल संध्याकाळी भावाशी बोलून व्हिटा आणि स्विच लाइट दोन्ही बाद केले. ओएलईडी स्विच, कलेक्शनचे कार्ट्रिज आणि डी-पॅडचे दोन कंट्रोलर असा बेत आहे. खर्च अर्धा-अर्धा, यंत्र आलटून-पालटून दोघांच्या घरी. व्हिटाचे सहा बटणांचे गणित मोहात पाडणारे होते, पण दोन यंत्रांचा खर्च परवडत नाही. एक शेवटची विनंती. दुसऱ्या ‘मार्व्हल व्हर्सेस कॅपकॉम’मध्ये ५६ पात्रे आहेत, नवशिक्याने कोणते तीन घ्यावेत?

भुईकोट

पटाईत मंडळी मॅग्नेटो, स्टॉर्म, सेंटिनेल आणि केबल या चौघांभोवतीच फिरतात, परंतु मॅग्नेटो पहिल्या दिवशी हाताला लागत नाही. केबल आणि सेंटिनेल घ्यावेत. केबल लांबून बंदुकीने समोरच्याला थोपवून धरतो, आणि सेंटिनेल अवाढव्य असल्याने दोन-चार फटके खाऊनही उभा राहतो. तिसऱ्या जागी कॅप्टन कमांडो घ्यावा आणि निवडताना त्याचा वर झेपावणाऱ्यांना अडवणारा असिस्ट ठेवावा. कोणी उडी मारून अंगावर आले की फक्त असिस्टचे बटण दाबायचे. भावाने तुमच्याआधी हेच तिघे निवडले तर तुम्हीही तेच निवडू शकता, गेम हरकत घेत नाही.